रेडिएटरमधली हळद

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध मिस्त्री राहत असे. जुन्या मोटारी दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय, आणि खरे सांगायचे तर तीच त्याची उपासना. ज्या गाड्यांचे कारखाने केव्हाच बंद पडले, ज्यांचा सुटा भाग भंगारातही मिळत नाही, अशा गाड्या लांबून दोरीने ओढत त्याच्या पत्र्याच्या शेडपर्यंत आणल्या जात आणि आपल्या चाकांवर परत जात.

या कथेत मी कुणाचेही नाव सांगणार नाही. नाव सांगितले की वाचक निर्धास्त होतो. चला, म्हणतो, ही गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी आहे.

मिस्त्रीचा हात अतिशय शांत होता आणि डोके तितकेच तापट. शिष्याची चूक दिसली की हातातला पाना थेट भिंतीवर जाई. माणसावर त्याने आयुष्यात कधी पाना उगारला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण भिंतीवर आपटलेला पाना भिंतीला लागत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच लागतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. सांगणार कोण? पाना त्याच्याच हातात होता.

त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक पांढरट, गुळगुळीत डाग होता. तरुणपणी तापलेल्या रेडिएटरचे झाकण घाईने उघडले, तेव्हाची ती खूण. नव्या शिष्याला पहिला धडा तो डाग दाखवूनच मिळे. "तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. आधी गार होऊ द्यायचं. मग बोलायचं." हा धडा त्याने चाळीस वर्षांत कितीजणांना दिला असेल, याची गणती नाही.

आता शिष्याविषयी. तो तिशीचा होता, घरी बायको आणि लहान मुलगी. आधी पाच-सहा वर्षे ट्रकवर काढलेली, मग दोन वर्षे मिस्त्रीच्या हाताखाली. हात चांगला, नजर चांगली. मिस्त्रीची नजर मात्र आता अधू होत चालली होती, म्हणून एके दिवशी तो शिष्याला म्हणाला, "येत्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा तू करायची." त्या शेडमध्ये या वाक्याचा अर्थ एकच होता. हत्यारांची पूजा करतो तो वस्ताद. शिष्याने त्या दिवशी घरी पेढे नेले.

आणि त्याच आठवड्यात गावातले एक गुळाचे व्यापारी आपली काळी मोटार घेऊन आले.

मोटार त्यांच्या वडिलांची. बासष्ट वर्षांपूर्वी त्यांची आई नवी नवरी होऊन घाट उतरली, ती याच गाडीतून. घाटमाथ्यावरच्या गावात तिची थोरली बहीण दिलेली होती. पुढे जेव्हा जेव्हा ही धाकटी नवऱ्यासोबत बहिणीकडे जाई, तेव्हा शेवटच्या वळणावर नवरा दोनदा हॉर्न वाजवी आणि थोरली चुलीवर चहाचे आधण ठेवी. नवरा गेला. थोरलीची दृष्टी गेली. आता नव्वदी ओलांडलेली ती महिनाभर अंथरुणाला खिळली होती आणि पोटच्या पोरांनाही ओळखत नव्हती. धाकटीला तिला एकदा भेटायचे होते.

"दुसरी गाडी काढतो की, आई. एसी आहे, दोन तासांत पोचू," असे व्यापाऱ्यांनी दहादा सांगून पाहिले. आईचे उत्तर ठरलेले, "त्या हॉर्नशिवाय थोरली मला ओळखायची नाही."

गाडीचे दुखणे साधे दिसत होते. पाणी कमी होत होते. दहा-बारा मैल फिरवली की रेडिएटर तांब्याभर पाणी मागे, आणि खाली जमिनीवर थेंबाचाही पत्ता नाही. मिस्त्रीने शिष्याला बोलावले. "हे काम तुझं. यात मी हात घालणार नाही. गुरुवारी सकाळी शेट निघणार. गळती शोध."

शिष्याने शोधली. तीन दिवस शोधली. इंजिन सुरू करून, चांगले तापवून, टॉर्च घेऊन तो प्रत्येक नळीपाशी, प्रत्येक जोडापाशी वाकून पाहत राहिला. सगळे कोरडे ठणठणीत. संध्याकाळी पाहावे तर पाणी पुन्हा उतरलेले. आणि दर दोन तासांनी पाठीमागून आवाज येई, "सापडली का रे?" पहिल्या दिवशी तो "बघतोय, वस्ताद" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तसे म्हणताच पाना भिंतीवर गेला. "दोन वर्षं शिकवलं ते काय झोपेत ऐकलंस? साधी गळती सापडंना?" तिसऱ्या दिवशी मिस्त्री काही विचारण्याआधीच शिष्याचे खांदे आक्रसू लागले.

बुधवारी दुपारी तो वाण्याकडे गेला आणि हळदीचा पुडा घेऊन आला.

ट्रकवर काम केलेल्यांना हे नवीन नाही. भर रस्त्यात रेडिएटर झिरपू लागला की पाण्यात हळद टाकतात. ती फुगते, भोकापाशी जाऊन बसते आणि झिरपणे तात्पुरते थांबते. पण ट्रकवाला ती पुढच्या गावापर्यंत पोचण्यासाठी घालतो, आणि गाव आले की काढून टाकतो. कारण हळदीला भोक तेवढे ओळखता येत नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्याही चोंदवून टाकते, आणि मग चढावर इंजिन आतल्या आत उकळते. मिस्त्रीला या उपायाची इतकी चीड होती की एका जुन्या कारागिराला त्याने त्यापायी शेडबाहेर काढले होते. शिष्याला हे ठाऊक होते. ठाऊक असूनही त्याने मिस्त्री जेवायला गेलेला पाहून हळद घातली.

संध्याकाळी पाणी उतरले नाही. "सापडली, वस्ताद," शिष्य म्हणाला. "होजपाइपची क्लिप ढिली होती." मिस्त्रीने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि मान डोलावली. शिष्याला त्या रात्री जेवण गेले नाही, असे त्याच्या बायकोने पुढे सांगितले.

गुरुवारी सकाळी आठला व्यापारी आईला घेऊन आले. ब्याऐंशी वर्षांची ती बाई इरकली लुगडे नेसून, मांडीवर पितळी डबा घेऊन रिक्षातून उतरली. डब्यात पुरणपोळ्या होत्या, दुधात कुस्करून भरवायला. गाडी पुसून लखलखीत केलेली होती. मिस्त्रीची एक सवय होती. गाडी शेडबाहेर पडण्यापूर्वी तो गार रेडिएटरचे झाकण काढून आतल्या कडेवरून बोट फिरवी. तसे त्याने फिरवले. बोट बाहेर काढले, उजेडात धरले. नखाच्या कडेला पिवळे लागले होते.

त्याच्या डाव्या हातात पाना होता. शिष्याने डोळे मिटून घेतले आणि तो आवाजाची वाट पाहू लागला.

आवाज झाला नाही. मिस्त्रीने पाना उचलला होता, हे खरे. पण डोळे मिटून उभ्या असलेल्या त्या तिशीच्या माणसाकडे त्याने पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि पाना हळूच मडगार्डवर ठेवला. मग गोणपाट अंथरून तो गाडीखाली शिरला आणि त्याने रेडिएटरची खालची तोटी सोडली. घमेल्यात पिवळेधमक पाणी पडू लागले.

"अहो मिस्त्री, हे काय करताय?" व्यापारी ओरडलेच. "काल तर गाडी तयार आहे म्हणून निरोप आला! आणि ही... ही हळद आहे? कुणी घातली ही?"

गाडीखालून उत्तर आले, "मी."

शिष्याने डोळे उघडले. त्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"तुम्ही? तुम्ही घातलीत?" व्यापाऱ्यांचा आवाज चढला. "तिकडे मावशीचा आजउद्याचा भरवसा नाही, आणि तुम्ही आम्हाला असली गाडी देऊन घाटात पाठवणार होता?"

"होय शेट. चूक माझी आहे. दुपारपर्यंत वेळ द्या."

व्यापारी आणखीही बोलले असते, पण आईने त्यांचा हात धरला. ती घमेल्यात वाकून पाहत होती. "ओरडू नकोस. जखमेवर हळद लावतात, पण आधी काटा काढतात. यांचा काटा राहिलेला दिसतोय. काढू दे त्यांना." मग तिने स्वतःच एक लाकडी खुर्ची ओढली आणि डबा मांडीवर घेऊन बसली. "मी काय, इतकी वर्षं थांबले. दुपारपर्यंत थांबते."

मिस्त्रीने नळाची नळी रेडिएटरला खालून जोडली आणि उलट्या बाजूने पाणी सोडले. पिवळे, मग फिकट, मग स्वच्छ पाणी वरून वाहू लागेपर्यंत तासभर गेला. तोटी बंद करून त्याने पाणी काठोकाठ भरले. शाळेतल्या खडूची पूड करून ती कोरड्या, गार इंजिनावर सगळीकडे भुरभुरली. मग कपाटातून एक जुने झाकण काढले. त्याच्या मधोमध सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. ते रेडिएटरवर घट्ट लावून त्याने सायकलचा पंप जोडला आणि थोडी हवा भरली. फार नाही, आठ-दहा दट्टे.

"आता?" शिष्याने विचारले. सकाळपासूनचा तो त्याचा पहिला शब्द.

"आता बसायचं."

मिस्त्री एका स्टुलावर बसला, दुसरे त्याने शिष्याकडे सरकवले. इंजिन बंद. पाना मडगार्डवर. कुणी ओरडत नव्हते, कुणी काही विचारत नव्हते. खुर्चीत म्हातारी इंजिनाकडे टक लावून बसली होती आणि व्यापारी दाराशी पाठ करून उभे होते. पाच मिनिटे गेली, दहा गेली. ओरडा खाण्याची सवय झालेल्या माणसाला अशी शांतता सोसवत नाही. शिष्याचे ओठ दोनदा हलले आणि दोनदा मिटले.

"वस्ताद," शेवटी तो म्हणाला, "हळद मी घातली."

व्यापारी गर्रकन वळले. मिस्त्री इंजिनाकडेच पाहत राहिला. "माहीत आहे."

"मग तुम्ही 'मी' का म्हणालात?"

"सांगतो." मिस्त्रीने उजव्या हातावरचा डाग चोळला. "तू तीन दिवस इंजिन तापवून गळती शोधलीस. बारीक थेंब तापलेल्या लोखंडावर आला की जागच्या जागी त्याची वाफ होते, पोरा. पाणी जातं, पण दिसत नाही. गळती दिसायला हवी असेल तर इंजिन गार पाहिजे, दाब बेताचा पाहिजे, आणि बघणाऱ्याला गप्प बसता आलं पाहिजे. हे मी चाळीस वर्षं जाणतो. पण इंजिनापुरतंच. तुला मी तीन दिवस विचारलं, ते कसं विचारलं? पाना हातात घेऊन. 'सापडंना' एवढा एक शब्द तुझ्या तोंडाशी येत होता आणि माझ्या उष्णतेनं त्याची वाफ होत होती. मग तू हळद आणलीस. हळद तुझ्या हातानं पडली. पण या शेडमध्ये 'मला येत नाही' म्हणायला जागा ठेवली नाही ती मी. म्हणून 'मी' म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं."

शिष्य रडू लागला. मिस्त्रीने त्याला रडू दिले, पण बोलणे तिथे संपवले नाही.

"पण तुझा वाटा तुला सुटत नाही, हे लक्षात ठेव. भीती माझी होती, खोटं तुझं. त्या आईंना घेऊन गाडी घाटात चढली असती."

"अहो, ते बघा," एवढ्यात म्हातारी म्हणाली. "तिथं, त्या डब्यामागं. खडू ओला झाला."

डब्यासारख्या दिसणाऱ्या डायनॅमोच्या मागे, हात सहज पोचणार नाही अशा जागी, पांढऱ्या पुडीवर तांदळाएवढा करडा ठिपका उमटला होता. बघता बघता तो वाटाण्याएवढा झाला. तिथे इंजिनाच्या अंगात एक पत्र्याची गोल चकती बसवलेली असते, मोठ्या नाण्याएवढी. वर्षानुवर्षे बोअरचे खारे पाणी भरल्यामुळे ती आतून गंजली होती. बाहेरचा काळा रंग मात्र जसाच्या तसा. मिस्त्रीने हवा सोडली, पाणी काढले आणि पेचकसाचे टोक त्या चकतीवर नुसते टेकवले. ओल्या पापडात बोट जावे तसे ते आरपार गेले.

चढावर इंजिन तापले असते, दाब वाढला असता, हळदीने नळ्या चोंदल्या असत्या आणि ही चकती एखाद्या वळणावर फुटली असती, हे व्यापाऱ्यांनाही न सांगता कळले. घाटातली वळणे शिष्य ट्रकवर असताना शेकडो वेळा चढला होता, आणि त्यातले प्रत्येक वळण आता त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

नवी चकती शिष्याने बसवली. मिस्त्री शेजारी उभा राहिला, पण त्याने हात लावला नाही. जुने होजपाइप बदलले, क्लिपा आवळल्या, पुन्हा खडू, पुन्हा हवा, पुन्हा बसणे. या वेळी अर्ध्या तासाने पूड कोरडी होती. साध्या पाण्याऐवजी गंज धरू न देणारे कूलंट भरताना मिस्त्री व्यापाऱ्यांना म्हणाला, "बोअरचं पाणी पुन्हा घालू नका, शेट. आणि गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवू नका. जुनी गाडी चालून खराब होते त्याहून उभी राहून जास्त होते."

तीन वाजता गाडी निघाली. मिस्त्रीने किल्ली शिष्याच्या हाती दिली. व्यापारी चमकले. "हा चालवणार? सकाळी एवढं झाल्यावर?"

"ती चकती कुठं आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती द्या," मिस्त्री म्हणाला.

"चल रे पोरा," म्हातारी मागच्या सीटवरून म्हणाली. "दिवस असेतो पोचू."

घाट चढताना तापमानाचा काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. शिष्याने वाटेत दोनदा गाडी थांबवली, बोनेट उघडले, झाकणाला हात लावला नाही, नुसते पाहून घेतले. शेवटच्या वळणावर म्हातारीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता दोनदा वाजव."

त्याने दोनदा वाजवला.

घरात अंथरुणावर पडलेली थोरली, जी महिनाभर कुणाला ओळखत नव्हती, तिने भिंतीकडे केलेले तोंड वळवले आणि सुनेला म्हणाली, "चहा टाक गं. धाकटी आली."

हे शिष्याने स्वतःच्या कानांनी ऐकले. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. नवव्या दिवशी थोरली गेली.

त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा मिस्त्रीनेच केली. शिष्याने वाईट वाटून घेतले नाही असे नाही, पण हत्यारे त्यानेच पुसून मांडली. पान्यांना, पेचकसांना हळदकुंकू वाहून झाल्यावर मिस्त्रीच म्हणाला, "पुढच्या वर्षी तू कर. या वर्षी मलाही थोडं शिकायचं राहिलंय."

आणि तो शिकत होता, हे मी पाहिले आहे. काही महिन्यांनी मी माझी जुनी गाडी घेऊन त्या शेडमध्ये गेलो, तेव्हा शिष्य तिच्या गिअरबॉक्समधला एक आवाज सकाळपासून शोधत होता. मिस्त्री आतून तरातरा आला, "सापडला का—" इतके त्याच्या तोंडून निघाले, आणि तो थांबला. हातातला पाना त्याने खिळ्याला अडकवला. माठातले पाणी प्याला, सावकाश, पूर्ण पेला. स्टूल ओढून बसला. मग त्याने विचारले, "काय, सापडला का?"

"नाही, वस्ताद," शिष्य मान खाली न घालता म्हणाला. "सापडंना."

"मग बस. दोघं ऐकू."

मी घरी परतलो. माझा मुलगा दोन दिवस माझ्याशी काही बोलत नव्हता, आणि जाब विचारायचा म्हणून मी वाटभर वाक्ये जुळवत आलो होतो. दाराशी आल्यावर मी चपला काढल्या, आणि आधी एक पेलाभर पाणी प्यालो.